शंभर मीटरला साठ सेंटिमीटर कमी

...आणि वर मलाच विचारतात! मलाच! ‘काय हो मोजणीदार, अख्ख्या गावात दारूच्या दुकानासाठी तुम्हाला तुमचीच गल्ली सापडली होय?’ अहो, मला कुठली सापडतेय, कायद्याला सापडली! मी शोधत नाही, मी ठरवत नाही, परवान्यावर माझी सही नसते... मी फक्त मोजतो! एकतीस वर्षं हेच सांगत आलो. बसा, बसा, तुम्ही बसा. मला नाही बसवत. मी आपला येरझाऱ्या घालत बोलतो. इथून त्या खांबापर्यंत अकरा पावलं, माझं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटरचं, म्हणजे सव्वाआठ मीटर. बघा! कुणी विचारलं होतं का? पण नाही राहवत.

तर तुम्हाला सांगतो, मी अबकारी खात्यात मोजणीदार. आमच्या राज्याचा कायदा असा, की सौम्य असेल ती खुशाल किराणा दुकानात साबणाच्या शेजारी मांडा, कुणाची ना नाही. पण कडक! कडक दारू विकायची तर परवान्याचं दुकान पाहिजे, आणि ते दुकान शाळा, प्रार्थनेची जागा, दवाखाना आणि वाचनालय यांच्यापासून शंभर मीटर लांब पाहिजे. शंभरच का? मीही विचारलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हाचे साहेब नाकात बोलायचे. म्हणाले, ‘मोजणीदाँर, शंभर मीटर चाँलेपर्यंत माणसाला विचाँर करायला वेळ मिळतो.’ कसला विचार आणि कसलं काय! मी डोळ्यांनी बघितलंय, माणूस ते शंभर मीटर दुप्पट वेगानं चालतो!

बरं, हा शंभर तरी एका जागी थांबेल? आधी पन्नास होता. मग पंच्याहत्तर झाला. मग शंभर. सरकार बदललं की मीटर बदलतो, आणि मीटर बदलला की मी पुन्हा टेप घेऊन रस्त्यावर. आणि मोजायचं कसं? आधी होतं, दाराच्या मध्यापासून दाराच्या मध्यापर्यंत, माणूस चालेल त्या वाटेनं. ठीक. वळण आलं की आपणही वळायचं. पण गेल्या वर्षी फर्मान आलं, वाट सोडा, सरळ रेषेत मोजा! मध्ये घर येवो, विहीर येवो, कुणाची म्हैस येवो, रेघ सरळ. मी म्हटलं, साहेब, दारू प्यायला जाणारा माणूस सरळ रेषेत जातो का? येताना तर नाहीच नाही! तर साहेब म्हणाले... हे आताचे साहेब, यांची खुर्ची फिरते आणि फिरता फिरताच हे बोलतात, त्यामुळे अर्धं वाक्य आपल्याला आणि अर्धं भिंतीला... म्हणाले, ‘तुम्हाला मत विचारलंय का?’ नाही साहेब. मी फक्त मोजतो.

आणि एक सांगून ठेवतो, नाहीतर तुमच्याही मनात येईल. मी थेंबाला शिवलेलो नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा दोनदा वाचतो. पण अख्खी नोकरी गेली दारूच्या दुकानाच्या दारात! उंबऱ्याच्या मध्यावर खडूची खूण करायची तर ओणवं व्हावंच लागतं. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? दारूच्या दुकानाबाहेर एक माणूस चार पायांवर! लग्नाआधी सासरेबुवांनी माझी चौकशी करायला त्यांच्या मेव्हण्याला पाठवलं होतं. तो परत जाऊन सांगतो, ‘मुलगा दिसायला बरा आहे हो, पण सकाळी साडेदहालाच पायरीवर पडला होता.’ तरी बायकोनं होकार दिला. का दिला, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. काही गोष्टी मोजू नयेत.

बायकोचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. बायकोनं सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या बालवाडीत काढली. मोठ्या बाई वेगळ्या, ही मदतनीस बाई. नाकं पुसायला ही, रडणाऱ्याला कडेवर घ्यायला ही, बुटांच्या नाड्या बांधायला ही, आणि फोटोत मधोमध मोठ्या बाई! निवृत्त झाली आणि म्हणाली, ‘अहो, आता माझी स्वतःची बालवाडी. आपल्या मागच्या खोलीत.’ आणि खरंच गरज होती हो. आमचा भाग गावाच्या टोकाला. घरं झाली, माणसं आली, पोरं झाली, पण शाळा नाही, दवाखाना नाही, वाचनालय नाही, काही म्हणजे काही नाही. तीन-तीन वर्षांची पोरं सकाळी अर्धझोपेत कुठल्या कुठं न्यावी लागायची. बायकोनं चोवीस खुर्च्या आणल्या. इतक्या इतक्या! माझ्या गुडघ्याएवढ्या. पिवळा रंग दिला. आणि अंगणात पावसात भिजतील म्हणून सगळ्या बैठकीच्या खोलीत रचल्या. पाच आठवडे माझ्या नडगीला रोज एक खुर्ची लागायची.

पाच आठवडे का? इथं माझं चुकलं. कबूल करतो. बालवाडीचा अर्ज तिनं पहिल्याच दिवशी भरून माझ्या हातात दिला होता. ‘तुमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर द्यायचाय, जाता जाता देऊन टाका.’ मी म्हटलं, थांब, सोबत नकाशा लागतो, तो मी काढतो. मोजणीदाराच्या बायकोचा नकाशा म्हणजे कसा पाहिजे! मग काय... आधी पेन्सिलीनं काढला. मग शाईनं. मग उत्तर दिशेचा बाण आवडेना. मग बाण पुन्हा काढला. रोज रात्री तिचं एकच, ‘दिला का अर्ज?’ आणि माझं एकच, ‘बाण राहिलाय.’ एका बाणापायी पाच आठवडे तो अर्ज माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली!

आता भाऊ. भाऊ म्हणजे कडक दारूचं दुकान चालवणारा, सगळे त्याला भाऊच म्हणतात. अत्यंत गरीब माणूस. म्हणजे स्वभावानं. स्वतः कोमट पाण्याशिवाय काही पीत नाही, पित्त होतं त्याला. या माणसाचं दुकान कायद्यानं चार वेळा उठवलं. आधी शाळेनं मागचं फाटक उघडलं, गेलं दुकान. मग शेजारी दाताचा दवाखाना आला, गेलं दुकान. मग वाचनालय! वाचनालयात कोण? दोन म्हातारे आणि एक मांजर. त्यातला एक म्हातारा भाऊचंच गिऱ्हाईक! तरी गेलं दुकान. आणि मग हे सरळ रेषेचं फर्मान. भाऊ मला म्हणाला, ‘मोजणीदार, वडील म्हणायचे तुझं दुकान चालेल. पण इतकं चालेल असं नव्हतं वाटलं.’ माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच त्याला हाकलतोय. अरे बाबा, मी फक्त मोजतो!

तर साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची फिरली. ‘मोजणीदार, गावात कायद्यात बसणारी एक तरी...’ फिरली... ‘...जागा शिल्लक आहे का, ते मला नकाशावर दाखवा.’ आणि तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मी केलं! अख्ख्या गावाचा नकाशा टेबलावर पसरला. प्रत्येक शाळेवर कंपासचं टोक ठेवायचं, शंभर मीटरचं वर्तुळ, आत लाल रंग. प्रत्येक दवाखाना, वर्तुळ, लाल. नऊ दिवस! गाव नुसतं लालेलाल झालं. आणि शेवटी, एका कडेला, तळहातावरच्या तिळाएवढा एक ठिपका पांढरा राहिला. एकच! त्यात एक रिकामा गाळा होता. हिरवी पेन्सिल घेतली, ठिपका हिरवा केला, आणि धावत साहेबांच्या खोलीत. भाऊ तिथंच बसला होता, कोमट पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. मी म्हटलं, ‘साहेब, आहे! एक आहे! गट चौसष्ट, भूखंड एकेचाळीस, गाळा दोन!’ भाऊनं उठून मला मिठीच मारली. साहेबांची खुर्ची पहिल्यांदा थांबली. त्याच दुपारी भाऊचा अर्ज आत, संध्याकाळी त्यावर शिक्का.

आणि मी खुशीत घरी. दारातूनच ओरडलो, ‘अगं, आज साहेबांनी पाठ थोपटली!’ एक खुर्ची नडगीला लागली, तीही गोड लागली. बायकोनं पाणी दिलं. ‘काय झालं एवढं?’ मी सांगितलं सगळं. वर्तुळं, लाल रंग, तीळ. ती म्हणाली, ‘बरं झालं बाई, सुटला बिचारा भाऊ. कुठं मिळाली जागा?’ मी म्हटलं, ‘गट चौसष्ट, भूखंड एकेचाळीस.’ ‘म्हणजे कुठं?’ ‘म्हणजे असं बघ, उत्तरेला सहा मीटरचा रस्ता, पूर्वेला गट त्रेसष्ट...’ ‘अहो, माणसांच्या भाषेत सांगा. काय आहे तिथं जवळ?’ मी डोळे मिटले, नकाशा आठवला, आणि बोटानं रस्ता काढत निघालो... चौक... वळण... पाण्याची टाकी... शिंप्याचं बंद दुकान... आणि बोट थांबलं.

बायको म्हणाली, ‘अहो, आपला भूखंड किती?’

‘...छत्तीस.’

आता तुम्ही हसताय. हसा! पण आमच्या खात्यात एकतीस वर्षं काढून बघा. आमच्याकडे घराला घर म्हणत नाहीत, गल्लीला गल्ली म्हणत नाहीत. सगळं गट आणि भूखंड. मी रोज ज्या बंद गाळ्यासमोरून कामावर जातो, त्या गाळ्यावर स्वतःच्या हातानं, टोक करून घेतलेल्या पेन्सिलीनं हिरवा रंग दिला, आणि मला समजलं नाही! आणि खरी मेख बघा. तो ठिपका पांढरा का राहिला? आमच्या भागात शाळा नाही म्हणून! म्हणूनच बायको म्हणत होती, इथं बालवाडी पाहिजे. आणि म्हणूनच कायदा म्हणाला, इथं दारू चालेल! तिचा अर्ज पाच आठवड्यांपूर्वी वर गेला असता, तर आमच्या घरावर लाल वर्तुळ पडलं असतं. मीच काढलं असतं. आणि सरळ रेषेच्या फर्मानातच नवा नियम आला होता, की यापुढे आधी येईल तो राहील, नंतरच्यानं शंभर मीटर लांब जायचं.

बायकोला मी पिशवीतून अर्ज काढून दाखवला. त्यावर डब्यातल्या तेलाचा डाग पडलेला. ती रागावली असती तर बरं झालं असतं हो. एक पिवळी खुर्ची घेतली, त्यावर बसली, एवढीशी होऊन, आणि म्हणाली, ‘बाण छान आलाय.’ मला लाज वाटली. इतकी लाज मला पायरीवर ओणवं होताना कधी वाटली नव्हती.

रात्रभर दोघं टक्क जागे. सहा वाजता तिनंच मला हलवलं. ‘अहो, आपल्या पुढच्या दारापासून गाळ्याचं दार किती?’ ‘अठ्ठ्याहत्तर.’ ‘आणि मागच्या दारापासून?’ मी ताडकन उठलो! नियमात दार म्हणजे वापरातलं दार. बालवाडीची खोली मागे, तिला मागचं दार, घराच्या कडेनं सरळ बोळ, आणि नशीब बघा, बोळ आणि गाळ्याचं दार एकाच रेषेत! पोरं बोळातून आली, मागच्या दारानं आत गेली, की वापरातलं दार कुठलं? मागचं! ‘चल, टेप धर!’

टेपला दोन माणसं लागतात. एक टोक धरणारा, एक वाचणारा. मी तिला शिकवलं. ‘हे शून्याचं टोक. हे दाराच्या मध्यावर टेकवायचं आणि उभं राहायचं. टोक धरणाऱ्यानं फक्त टोक धरायचं, डोकं चालवायचं नाही.’ ती गेली गल्लीच्या तोंडाशी, भाऊ गाळा झाडतच होता. मी टेप सोडत सोडत मागच्या दाराशी. ताणला, वाचला... एकशे दोन मीटर दहा! अहो, मी अंगणात एकटाच नाचलो! मग मनात आलं, हा बोळ एवढा लांब कधी झाला? मान काढून गल्लीत बघितलं. टेप आहे, दार आहे... बायको कुठं आहे? बायको दुकानाच्या आत! टोक धरून चक्क फडताळापर्यंत गेलेली, आणि भाऊ तिला खुर्ची देतोय! ‘अगं बाहेर ये!’ ‘अहो, दारच खोल आहे!’ ‘दार खोल नसतं, विहीर खोल असते! मध्यावर उभी राहा!’ समोरचे लोक गॅलरीत. मोजणीदार आणि त्याची बायको सकाळी साडेसहाला दारूच्या दुकानाच्या दोरीला लोंबकळतायत!

मध्यावर उभी राहिली. मी पुन्हा वाचलं. नव्व्याण्णव मीटर चाळीस.

साठ सेंटिमीटर कमी! साठ! अहो, एक हात आणि वर वीत! ती आली, घामाघूम, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘लिहा शंभर.’ मी टेप गुंडाळायला लागलो. ‘अहो, साठ सेंटिमीटरसाठी कोण येतंय बघायला? लिहा.’ तिचं खोटं नव्हतं. कुणी आलं नसतं. माझं माप म्हणजे माप, त्याला दुसरी सही लागत नाही. खिशात पेन होतं. पेन काढलंसुद्धा. पण तुम्हाला सांगतो, हात चालेना. एकतीस वर्षांत मी लोकांची दुकानं उठवली, पन्नास-पन्नास सेंटिमीटरवरून उठवली. एकदा भाऊचंच उठवलं होतं, पस्तीस सेंटिमीटरवरून. तेव्हा तो म्हणाला होता, ‘मोजणीदार, एक वीतभर सोडा की.’ तेव्हा मी काय म्हणालो होतो? मी फक्त मोजतो! आता स्वतःच्या दारात कुठल्या तोंडानं शंभर लिहू? मी पेन बंद केलं. बायको एवढंच म्हणाली, ‘लोकांच्या मोजणीत जन्म घालवलात. माझ्या वेळी पण मोजलंतच.’ आणि आत जाऊन खुर्च्या मोकळ्या करायला लागली, कुणाला तरी देऊन टाकायला. एकेक खुर्ची जमिनीवर ठेवल्याचा आवाज यायचा. टक्. टक्. मी अंगणात येरझाऱ्या. सात पावलं जायचं, सात यायचं.

आणि येता येता थांबलो. दार जर साठ सेंटिमीटर मागे असतं तर? मग असू दे की! भिंत पाडायची तर परवानगी, पडवी बांधायची तर परवानगी, सहा-सहा महिने. पण नुसतं दार? चौकट आणि दार, आजूबाजूला भिंत नाही. भिंत नाही म्हणजे बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणजे परवानगी नाही! सुताराकडे पळालो. सुतार रंधा मारत मारत म्हणतो, ‘बाहेर अंगणात? नुसतं उभं? आणि भिंत?’ ‘भिंत नाही.’ ‘मग दार कशाला?’ ‘वापरायला!’ त्यानं रंधा खाली ठेवला, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, ‘तीन आठवडे लागतील.’ तीन आठवडे कुठले! सुताराकडे जायच्या आधीच मी अर्ज, तेलाच्या डागासकट, दुसऱ्या मजल्यावर देऊन आलो होतो, आणि शिक्षण खात्याच्या बाई सोमवारी पाहणीला येणार होत्या.

आणि दार दिलं कुणी? भाऊनं! ‘वहिनींची बालवाडी माझ्यामुळं अडलीय म्हणे? मोजणीदार, मागच्या दुकानाचं दार आहे माझ्याकडे, चौकटीसकट. सागवानी आहे. घेऊन जा.’ दोघांनी हातगाडीवर आणलं. मागच्या भिंतीपासून चौसष्ट सेंटिमीटरवर खड्डे घेतले आणि उभं केलं. चार जास्तीचे, कारण उन्हात टेप लांबतो आणि माप कमी भरतं. आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. मागच्या अंगणात एक दार. एकटंच. कडी आहे, कोयंडा आहे, डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं. त्याच्या पुढ्यात चौसष्ट सेंटिमीटरवर घराचं खरं दार, ते मी बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं, भानगड नको. माप शंभर मीटर चार. खरं माप! मी ते लिहिलं तेव्हा अक्षर असं सुंदर आलं म्हणता...

एकच गोम राहिली. दारावर आधीची पाटी रंगवलेली होती. ठळक. लाल. ‘एकवीस वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही.’ बायकोनं त्यावर पिवळ्या रंगाचे तीन हात दिले. सोमवारी बाई आल्या. दाराभोवती एक फेरी मारली. ‘हे काय आहे?’ ‘प्रवेशद्वार, बाई.’ ‘आणि इकडून मोकळं आहे ते?’ ‘ते प्रवेशद्वार नाही, बाई.’ बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माप बघितलं. मंजुरी दिली. वर एक अट घातली, ‘सर्व मुले सदर दारातूनच ये-जा करतील, याची जबाबदारी संस्थेची.’

संस्था म्हणजे कोण? मी! मधल्या काळात निवृत्त झालो होतो ना. आता रोज सकाळी नऊ वाजता मी त्या दाराशी उभा. पोरं बोळातून धावत येतात आणि दाराच्या कडेनं सरळ आत घुसतात. ‘ए, ए, दारातून!’ ‘का, आजोबा?’ ‘कायदा आहे, बाळ!’ एकेकाला परत आणायचं, कडी काढायची, आत घ्यायचं, कडी लावायची. चोवीस वेळा! आणि ऊन पडलं की पिवळ्या रंगाखालून ती लाल अक्षरं हळूहळू वर येतात... ‘एकवीस वर्षांखालील’... आणि खाली तीन वर्षांचं पोर नाक ओढत उभं! पण बायको... काय सांगू तुम्हाला, बायको मधोमध बसते आता. पिवळ्या खुर्चीवर, फोटोत बसावं तशी, आणि आजूबाजूला चोवीस पोरं गळा काढून गातात. गल्लीच्या तोंडाशी भाऊचं दुकान, तो पोरं जाईपर्यंत अर्धं शटर खाली ठेवतो. कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

संपलं? संपू देतील तर ना! परवा पेपरात आलं. नवं फर्मान. दारापासून मोजण्यात म्हणे लोक लबाड्या करतात, म्हणून यापुढे दार सोडा, भिंतीपासून मोजा. दुकानाचं दार ते शाळेची मागची भिंत. सगळ्या गावाची नव्यानं मोजणी. अहो, आमच्या दाराला भिंतच नाही! आणि भिंत आहे ती कुठं? नव्व्याण्णव मीटर चाळीसवर! बायकोनं पेपर वाचला, घडी केली, खुर्चीखाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आपला अंगणात. सात पावलं जायचं, सात यायचं.

आज सकाळी आली मोजणी. माझ्या जागेवर नवी मुलगी लागलीय, चुणचुणीत, पोशाखाला इस्त्री, टेप माझाच. माझ्या हातची गाठ आहे त्याच्या टोकाला. नमस्कार केला मला. ‘काका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. एक मिलिमीटर इकडचा तिकडं केला नाही म्हणतात तुम्ही.’ मी म्हटलं, असं म्हणतात खरं. इकडं तिकडं बघितलं तिनं. ‘काका, मी एकटीच आलेय आज. जरा टोक धरता का? मी दुकानाच्या दाराशी जाऊन वाचते.’

मी टोक हातात घेतलं. ती बोळातून टेप सोडत निघून गेली, लांब, गल्लीच्या तोंडाशी, एवढीशी दिसायला लागली. आत पोरं गात होती, ती एकदम थांबली. खिडकीत बघतो तर बायको. आणि तिच्या खाली चोवीस तोंडं. तिकडून हाक आली, ‘काका, भिंतीला लागलंय ना टोक?’

माझी पाठ भिंतीला टेकलेली नव्हती हो. पाठ दाराला टेकलेली होती. पिवळ्या, सागवानी, एकट्या दाराला.

मी म्हटलं, ‘लागलंय!’

‘शंभर मीटर चार!’ ती ओरडली, लिहिलं, आणि खिडकीत गाणं पुन्हा सुरू झालं... आता तुम्ही माझ्याकडे असे काय बघताय? मला काय विचारताय? मोजलं तिनं, वाचलं तिनं, लिहिलं तिनं. मी कुठं मोजतो आता?

मी फक्त टोक धरतो.